पाय कुठं ठेवायचे

मेढ्याहून मेव्हण्याचं कार्ड आलं. तीन ओळींचं. त्यातली दीड ओळ विहिरीच्या पाण्याविषयी होती आणि उरलेली दीड अशी: "आबांचे हत्यार तुमच्याकडे पडून आहे. न्यायला कधी येऊ ते कळवावे. आपला, हंबीरराव."

आकाराम निकमांनी ते कार्ड उभ्यानं वाचलं, बसून वाचलं आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं. 'पडून' हा शब्द त्यांना लागला. रिव्हॉल्वर पडून नव्हतं. ते स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर, डाळीच्या डब्यांमागं, बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात, बायकोच्या, राहीबाईंच्या, जुन्या हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेलं होतं. सासरे, म्हणजे आबा, फौजेत सुभेदार होते. जाताना त्यांनी ते लेकाला न देता लेकीच्या नावावर केलं, आणि का, ते कुणालाही सांगितलं नाही. राहीबाई दर रविवारी दुपारी डबा खाली काढायच्या, रिव्हॉल्वरला शिलाई मशीनचं तेल लावायच्या, पुसायच्या आणि परत ठेवायच्या. निकम तेवढा वेळ पुढच्या खोलीत पेपर वाचायचे. त्यांना त्या वस्तूची भीती वाटायची. बायकोला ते माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. त्यावर दोघांत कधी बोलणं झालं नाही.

राहीबाईंना जाऊन तीन महिने झाले होते. रविवारी घरात मशीनच्या तेलाचा वास येत नव्हता. एवढंच. पण डबाही गेला तर फळीवर डब्याएवढी जागा मोकळी दिसेल, आणि तिच्याकडं बघत रोज डाळ काढायची, हे आपल्याला जमणार नाही असं निकमांना वाटलं.

शिवाय हंबीरराव हा माणूस त्यांना पहिल्यापासून संशयास्पद वाटत आला होता. जो माणूस लग्नात जावयाला टॉवेल-टोपी देताना टोपीचं माप विचारत नाही, तो पुढं काय करील ते सांगता येत नाही.

"मी ते माझ्या नावावर करून घेणार," ते भामाबाईला म्हणाले. भामाबाई दोन वेळच्या भाकऱ्या करायला यायची.

"काय?"

"रिव्हॉल्वर."

भामाबाईच्या हातावरची भाकरी थापायची थांबली. "आनि त्ये कशापायी?"

"आहे माझं काम."

ज्या माणसाची बायको नुकतीच गेली आहे आणि जो मुलाबाळांशिवाय सांगलीत एकटा राहतो, त्यानं रिव्हॉल्वरविषयी असं उत्तर देऊ नये. पण हे निकमांच्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

निकमांनी पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं टेबलाच्या आतल्या बाजूला बसून काढली होती. बाहेरच्या बाजूला उभं राहायची ही पहिलीच वेळ. शस्त्र परवान्याच्या टेबलावर भाऊसो नावाचे कारकून होते. त्यांनी मान वर न करता विचारलं,

"मयत कधी?"

"पंधरा जानेवारी."

"आज सतरा एप्रिल. तीन महिने हत्यार कुठंय?"

"घरी."

"कुणाच्या परवान्यावर?"

निकमांनी चष्मा काढून पुसला.

"म्हणजे तीन महिने तुम्ही बिनपरवाना हत्यार बाळगलंय," भाऊसो म्हणाले, आणि आता त्यांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान निकमांनी ओळखलं. ठेकेदाराच्या बिलात चूक सापडली की ते त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यावर यायचं.

"आजच्या आज ठाण्यात जमा करा. अर्ज तीन प्रतींत. वर्तणुकीची पोलीस चौकशी होईल. हत्यार हाताळता येतं असा चांदमारीचा दाखला लागेल. मूलबाळ?"

"नाही."

"हत्यार बाईंना आलं कुठून?"

"वडिलांकडून."

"मग अवघड आहे. बापाकडून आलेलं, पोटी मूल नाही, म्हणजे ते परत बापाच्या वारसाकडं जातं. नवऱ्याकडं नाही. भाऊ आहे?"

"आहे."

"त्याची ना हरकत आणा."

अठ्ठावीस वर्षांच्या संसारातली शेवटची सहा वर्षं जी वस्तू आपल्याच फळीवर होती, ती आपली नाही, हंबीररावाची आहे, हे निकमांना त्या दिवशी कायद्यानं कळलं. त्यांना तत्काळ संशय आला की हंबीररावानं भाऊसोंनाही एक कार्ड टाकलं असावं.

ठाण्यात आणखी एक गोष्ट निघाली. जमादारांनी डबा उघडला आणि मोठ्यांदा म्हणत लिहून घेतलं: "रिव्हॉल्वर बत्तीस बोअर, एक. बिस्किटाचा डबा, एक. लुगड्याचा तुकडा, हिरवा, एक. काडतुसं..." मग ते बोट लावून मोजू लागले. त्यांनी दोनदा मोजलं. मग परवान्याचं पुस्तक पाहिलं.

"पुस्तकावर पंचवीस घेतल्याची नोंद आहे. ही एकोणीस. सहा कुठं गेली?"

"मला काय माहीत?"

"घरात तुम्ही दोघंच ना?"

"दोघंच."

"मग बाईंनी कुणावर झाडली?" जमादारांनी हे इतक्या साधेपणानं विचारलं की निकमांना राग यायलाही वेळ लागला.

घरी जाताना त्यांनी सगळ्या शक्यता तपासल्या. हंबीररावानं चोरली असतील. हे सगळ्यांत पटण्यासारखं होतं. पण मग दुसरी शक्यताही मनात येऊन बसली आणि उठेना. राहीबाईंनी सहा वेळा कशावर तरी नेम धरला होता, आणि आपल्याला सांगितलं नव्हतं. शेजारणीनं दोन कांदे नेले तरी सांगणारी बाई!

चांदमारीच्या दाखल्यासाठी शिकवणारा माणूस हवा होता. तो मिळाला पिठाच्या गिरणीत. नाथाजी हवालदार फौजेतून आल्यापासून गिरणी चालवायचे आणि होमगार्डच्या पोरांना कवायत शिकवायचे. त्या वर्षी संध्याकाळी पाच ते सात वीज बंद असायची, म्हणून गिरणीही बंद असायची, म्हणून निकमांची शिकवणी पाच ते सात, त्यांच्याच गच्चीवर ठरली.

"हुबं ऱ्हावा," नाथाजी म्हणाले.

निकम उभे राहिले.

"ह्ये रेशनच्या रांगेतलं हुबं ऱ्हानं झालं. निशाणीला बाजूनं व्हा. उजवा पाय फुडं, डावा मागं. डावा हात पाठीमागनं पट्ट्यात खोवा. उजवा हात सरळ. हां. आता दुश्मनाला तुमचं अंग पातळ दिसतंय. गोळी लागायला जागाच न्हाई."

नाथाजी दुश्मनाच्या जागी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी निकमांना वरून खाली न्याहाळलं. निकमांचं पोट नोकरीतल्या शेवटच्या दहा वर्षांचं होतं.

"सायेब, तुमी बाजूनं जास्त दिसताय."

"मग समोरून उभा राहू का?"

"न्हाई न्हाई. रीत ती रीत. त्याला तुमी काय करनार?"

रिव्हॉल्वर ठाण्यात, तेव्हा सराव कशानं करायचा? नाथाजींनी पाण्यानं भरलेला तांब्या मागवला. त्याचा गळा मुठीत धरायचा, हात ताठ करायचा, पन्नास अंक मोजायचे. थेंब सांडता कामा नये. "हत्याराचं वजन पेललं की अर्धी लढाई सरली. उरलेली अर्धी पायांची. मानूस हातानं मारतो आसं वाटतं, पर मारत्यात पाय." नेम धरायला समोर खांद्याच्या उंचीवर काहीतरी हवं. गच्चीवरून त्या उंचीवर एकच वस्तू दिसायची. शेजारच्या जिनदत्तअण्णांच्या स्वयंपाकघराची खिडकी.

जिनदत्तअण्णा हळदीचे व्यापारी. जैन मंडळी, दिवस मावळायच्या आत जेवणारी. म्हणजे रोज संध्याकाळी सहाच्या सुमाराला अण्णा आणि त्यांच्या पत्नी गुणमालावहिनी ताटावर बसायचे, आणि खिडकीतून पाहावं तर पलीकडच्या गच्चीवर दाढी वाढलेले निकम एक हात पाठीमागं बांधून, एक डोळा मिटून, तांब्या त्यांच्यावर रोखून उभे. शेजारी एक मिशीवाला माणूस ओरडतोय, "धीर धरा! आत्ताच न्हाई! निशाणी हलू द्या!"

दाढीचं कारण वेगळं होतं. निकमांच्या घरातून वस्तू नाहीशा होऊ लागल्या होत्या. आधी दाढीची पाती गेली. मग मोरीतला दोर गेला. मग ढेकणांच्या औषधाची बाटली, आणि एके दिवशी विळी. निकमांनी भामाबाईवर नजर ठेवायला सुरुवात केली. भामाबाई त्यांच्यावर आधीपासूनच ठेवून होती. तिनं सगळ्या वस्तू आपल्या घरी नेऊन ठेवल्या होत्या, माणूस जिवाचं बरंवाईट करू नये म्हणून. ती भाकरी करताना मागं वळून बघायची, आणि निकम दाराआडून तिच्याकडं बघत असायचे. दोघांनाही समोरच्याचा बेत बरोबर कळला आहे असं वाटायचं. विळी नसल्यामुळं भाजी मात्र पंधरा दिवस हातानं मोडता येईल अशीच व्हायची.

अण्णांबरोबर दोन वर्षांपूर्वी शेवग्याच्या एका फांदीवरून बोलाचाली झाली होती. झाड अण्णांचं, फांदी निकमांकडं, शेंगा कुणाच्या, असा प्रश्न होता. एके सकाळी अण्णा स्वतः हातभर शेंगांची पेंडी घेऊन दारात आले.

"निकमभाऊ, या तुमच्या. या आणि पुढच्याही. सगळ्या झाडाच्या घ्या."

"का?"

"का म्हणजे? शेजारधर्म."

"दोन वर्षं कुठं होता शेजारधर्म?"

अण्णांनी एक पायरी खाली घेतली. "चुकलं माझं. हात जोडतो. फांदी काय, झाडसुद्धा तुमचं म्हणा." आणि ते भराभर निघून गेले.

निकमांनी त्या शेंगा दोन दिवस तशाच ठेवल्या. ज्याला काही नको असतं तो फुकट शेंगा देत नाही. अण्णांचा डोळा रिव्हॉल्वरवर आहे, ही शंका त्यांनी वहीत तारखेसह लिहून ठेवली. तिसऱ्या दिवशी शेंगा वाळल्या.

वर्तणुकीची चौकशी करायला पोलीस आला तो नेमका अण्णांकडं गेला. अण्णा व्यापारी असले तरी खोटं न बोलण्याचं व्रत घेतलेले. पोलिसानं विचारलं, अर्जदार कसा आहे? अण्णा म्हणाले, सज्जन आहे, तीस वर्षं ओळखतो, कुणाचं एक वाईट केलं नाही. पोलिसानं विचारलं, अलीकडं काही वेगळं दिसलं? अण्णांनी गुणमालावहिनींकडं पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "सांगा. व्रत आहे ना तुमचं?"

आठ दिवसांनी भाऊसोंनी निकमांना बोलावून घेतलं आणि चौकशीचा कागद वाचला. "अर्जदार निर्व्यसनी व सुस्वभावी असून दररोज सायंकाळी शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरावर तांब्या रोखतो." कागद खाली ठेवून ते म्हणाले, "खुलासा द्या. लेखी."

"तांब्याचा?"

"तांब्या का रोखता, किती दिवस रोखणार, आणि रोखण्यामागचा हेतू."

एकतीस वर्षं निकमांनी लोकांकडून लेखी खुलासे मागवले होते. तो आवाज त्यांच्याच आवाजासारखा होता, आणि म्हणूनच तो जास्त लागला. त्यांनी बाहेरच्या बाकावर बसून खुलासा लिहिला. 'सदर तांब्या हा पाण्याचा असून त्यापासून कोणासही धोका नाही.' भाऊसोंनी तो वाचून दोन ठिकाणी दुरुस्त केला. व्याकरणात! मग म्हणाले, "सहा काडतुसांचा खुलासा राहिला. आणि मेव्हण्याची ना हरकत."

ना हरकत मागायला निकमांनी मेढ्याला पत्र लिहिलंच नव्हतं. पत्र लिहिलं तर त्याला आपली गरज कळेल. कार्डाला उत्तरही दिलं नव्हतं. आधी दाखला हातात येऊ दे, मग त्याच्याशी ताठ मानेनं बोलू, असा त्यांचा बेत होता. मे महिन्याच्या अखेरीस चांदमारीची तारीख ठरली, आणि नेमक्या त्या दिवशी सकाळी साताऱ्याच्या पहिल्या एसटीनं हंबीरराव स्वतः दारात आले. धोतर, फेटा, खांद्यावर पिशवी. पायरीवरच थांबले. आत येईनात.

"दाजी, खरं सांगा. तुमी मला मारायला हत्यार शिकताय व्हय?"

"कोण म्हणालं?"

हंबीररावांनी खिशातनं पत्र काढलं. जिनदत्तअण्णांचं अक्षर होतं. 'निकमभाऊंची मनःस्थिती ठीक नाही. हत्यार चालवण्याचा अभ्यास जोरात आहे. सध्या रोख आमच्याकडे आहे, परंतु मूळ राग आपल्यावर असावा असे आमच्या मंडळींचे मत पडले. सावध असावे.'

निकमांना इतका अपमान कधी वाटला नव्हता. "मी तुला मारणार? तुला? काडतुसं चोरणाऱ्याला मारायला काडतुसं लागत नाहीत!"

"कसली काडतुसं?"

"सहा! पंचवीसमधली सहा! तू नेलीस."

हंबीरराव पायरीवर बसले. फेटा काढून गुडघ्यावर ठेवला.

"म्या कशाला नीन? ती आक्कानं उडवली."

"कुणावर?"

"कुनावर म्हंजी? वरती. आभाळात. आवं, खंडेनवमीचा बार न्हाई का? आबा होतं तवर आबा काढायचं. हत्यारं पुजली की आंगणात येक बार. आबा गेल्यावर आक्का. सहा साल, सहा बार." ते निकमांकडं बघत राहिले. "तुमाला ठावं न्हाई?"

राहीबाई दर दसऱ्याला चार दिवस माहेरी जायच्या हे निकमांना माहीत होतं. डबा पिशवीतून जायचा आणि यायचा हेही माहीत होतं. पण ते स्वतः कधी गेले नाहीत. खंडेनवमीला कचेरीत टाइपरायटरची पूजा असायची. हार घालायचा मान हेडक्लार्कचा, म्हणजे निकमांचा. एक वर्ष जरी चुकवलं असतं तर तो मान दुय्यम कारकुनाकडं गेला असता, आणि तो माणूस त्यासाठी टपून होता.

"बोलली नाही कधी," निकम म्हणाले.

"तुमी भ्यायचा म्हनून. ती म्हनायची, हंबीर, सांगितलं तर मालकास्नी चार दिस झोप लागायची न्हाई."

निकम पायरीवर त्यांच्या शेजारी बसले.

"आन मला काय त्या हत्याराची हौस न्हाई," हंबीरराव म्हणाले. "पर येत्या खंडेनवमीला बार कोन काढनार? आंगण मुकं ऱ्हाईल. आईचं डोळं गेल्यात. ती दर साली वसरीवर बसून वाट बघती. बार झाला की म्हनती, राही आली."

मग निकमांनी जे विचारलं ते विचारायला त्यांना बराच धीर करावा लागला.

"कशी उभी राहायची ती?"

हंबीरराव उठले. सहा फुटांचा, गलमिश्यांचा माणूस. अंगणाच्या मधोमध जाऊन त्यांनी नसलेला पदर कमरेला घट्ट खोचला. मग तोंड सरळ समोर, पाय फाकलेले, डावा वीतभर पुढं, दोन्ही गुडघे सैल, अंग थोडं पुढं झुकलेलं, आणि दोन्ही हात एकात एक धरून समोर. भरलेला हंडा दुसरीच्या डोक्यावर चढवायला बाई उभी राहते, अगदी तशी.

"दोन्ही हातांनी?" निकम म्हणाले.

"दोनी हातांनी. शिकवताना आबा लय वरडायचं. म्हनायचं, ह्ये काय फौजेतलं हाय व्हय? तर म्हनायची, आबा, फौजेतल्या लोकास्नी येक हात मोकळा लागतो मिशीला. मला न्हाई लागत."

पलीकडच्या खिडकीत गुणमालावहिनी आणि अण्णा एकमेकांना धरून उभे होते. कालपर्यंत एक होता, आज दोघं झाले.

"या हितं," हंबीरराव म्हणाले. निकम गेले. मेव्हणा खाली उकिडवा बसला आणि त्यानं निकमांचा एक पाय हातानं उचलून जागेवर ठेवला, मग दुसरा. "ह्यो हितं. गुडघं सैल सोडा. आवं, सैल! पोट राहू द्या तिकडं, पोटाचं काय काम न्हाई." निकम राहिले तसे उभे.

"ना हरकतीवर सही करतो," उठताना हंबीरराव म्हणाले. "पर आधी चांदमारी बघनार. तुमच्या हातनं बार निघत नसंल तर सही करून आईला काय सांगू?"

चांदमारीच्या मैदानावर फौजदार टेबल टाकून बसले होते. ठाण्यातून रिव्हॉल्वर आलं होतं, हिरव्या तुकड्यासकट. पाच गोळ्या, पंधरा पावलांवर कागदी निशाणी, मागं मातीचा बांध. एका बाजूला नाथाजी छाती काढून उभे, दुसऱ्या बाजूला हंबीरराव पिशवी पोटाशी धरून.

निकम नाथाजींच्या रीतीनं उभे राहिले. उजवा पाय पुढं, डावा हात पट्ट्यात. पन्नास अंक मोजायची सवय असल्यामुळं त्यांनी ते मोजले. फौजदारांनी घड्याळ पाहिलं. मग बार झाला. निकमांची टोपी मागं पडली आणि बांधावरची माती वीतभर उडाली. निशाणीपासून बरीच लांब. दुसरी गोळी कुठं गेली ते तिथल्या कुणालाच सांगता आलं नाही. एक हवालदार बराच वेळ आकाशाकडं बघत राहिला.

"पाय!" नाथाजी मागून कुजबुजले. "सायेब, पाय!"

निकमांनी पायांकडं पाहिलं. मग ते वळले. सरळ निशाणीकडं तोंड केलं, पाय फाकले, डावा पुढं घेतला, गुडघे सैल सोडले आणि दोन्ही हातांनी रिव्हॉल्वर धरलं.

"हे काय?" फौजदार म्हणाले. "पाणी भरायला आलाय?"

नाथाजींनी तोंड दुसरीकडं फिरवलं. निकमांनी ओळीनं तीन गोळ्या झाडल्या. हात दर वेळी उडाला, पण पाय हलले नाहीत. निशाणी जवळ आणली तेव्हा कागदाच्या अगदी खालच्या कोपऱ्यात एक भोक होतं, आणि लाकडी चौकटीचा एक तुकडा गेला होता. तिसरीविषयी फौजदार म्हणाले, तिच्याविषयी आपण बोलायला नको.

"कागदाला लागली," हंबीरराव म्हणाले. "लागली का न्हाई?"

"लागली," फौजदार म्हणाले, आणि हसू दाबत दाखला लिहू लागले. "कुणी शिकवलं हे उभं राहणं?"

"घरातलं आहे," निकम म्हणाले.

भाऊसोंच्या टेबलावर दाखला, ना हरकत आणि काडतुसांचा खुलासा एकदमच गेला. सणाचा बार कायद्यात बसत नाही, म्हणून खुलासा हंबीररावांनी सांगितला आणि निकमांनी शुद्ध भाषेत उतरवला. दरवर्षी शेतात बिबट्या येत असल्यामुळे त्यास हाकलण्याकरिता हवेत एक बार काढण्यात आला. भाऊसोंनी तो वाचला, मग तारखा वाचल्या, मग पंचांग मागवलं.

"दरवर्षी खंडेनवमीलाच येतो बिबट्या?"

"व्हय सायेब," हंबीरराव म्हणाले. "त्या दिवशी घरात मटण असतंय. वासानं येतंय."

"आणि जेवून जातो?"

"न्हाई, बार काढतो न्हवं? म्हनून तर खुलासा."

भाऊसो बराच वेळ दोघांकडं आळीपाळीनं संशयानं बघत होते. मग त्यांनी शिक्का उचलला. निकमांना त्या हातातली सुस्ती ओळखीची होती. कागद पुरे झाले की कारकुनाच्या मनाला जे वाईट वाटतं, त्याची ती सुस्ती होती.

बाहेर नाथाजी थांबले होते. दाखल्यावरचा शेरा त्यांनी फौजदारांच्या खांद्यावरून आधीच वाचला होता: 'हत्यार सुरक्षितपणे हाताळतो. उभे राहण्याची पद्धत सदोष.' तो आपल्या शिकवणीवरचा डाग आहे, असं त्यांना वाटत होतं, आणि ते खरंच होतं. निकमांच्या एकतीस वर्षांच्या सर्व्हिस बुकातसुद्धा एक वाईट शेरा नव्हता. हा पहिलाच.

"सायेब, चार दिस द्या मला," नाथाजी काकुळतीनं म्हणाले. "फौजदारास्नी मी सांगतो, पुन्यांदा बघा म्हनून. शेरा काढून घिऊ. आवं, पाय साफ चुकल्यात तुमचं."

निकमांनी दाखल्याच्या नकलेची घडी घातली, ती खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं.

"राहू द्या, नाथाजी," ते म्हणाले. "माझे नाहीत ते."